एथिक्सचा तास: बरोबर उत्तर पाच मिनिटांत येतं, मग पुढे काय?

एथिक्सचा पेपर कोणी मागून घेत नाही. वेळापत्रक लागतं, जड विषय वाटून होतात आणि उरलेला हा पेपर ज्याचे तास कमी भरतायत त्याच्या गळ्यात पडतो. यंदा तो तुमच्या गळ्यात पडला असेल तर हे तुमच्यासाठी आहे. मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते, अधूनमधून नर्सिंगच्या आणि अकाउंट्सच्या वर्गांवरही जाते. त्याआधी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते. चाचणी अहवालांवर सह्या करणं हेच तिथलं माझं काम. पुढे जे लिहिलंय ते या दोन्ही नोकऱ्यांतून आलेलं आहे आणि थोडं एककल्लीही आहे.

सगळ्यात आधी, "इथे योग्य काय?" हा प्रश्न फळ्यावर लिहू नका. उत्तर लगेच येतं. खोटी सही करावी का? नाही. रुग्णाला दिलेला चुकीचा डोस लपवावा का? नाही. संपला तास. उरलेला वेळ तुम्ही प्रवचन करता आणि मागच्या बाकांवर दुसऱ्या विषयाच्या जर्नल्स पूर्ण होतात. गंमत म्हणजे "नाही" म्हणणाऱ्यांपैकीच कोणीतरी नोकरीच्या पहिल्या वर्षात ती सही करून बसतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे. त्या दिवशी त्याला "खोटी सही करशील का?" असं कोणी विचारतच नाही. त्याला म्हणतात, "अरे, ते राहिलेलं भरून टाक ना, खाली गाडी उभी आहे." वर्गात विचारायचे प्रश्न दोनच: हीच ती वेळ आहे, हे तुला ओळखता येईल का? आणि ओळखलंस तर तोंडातून पहिलं वाक्य कोणतं निघेल?

जेम्स रेस्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नैतिक वागण्याचे चार भाग पाडले होते. इथे काहीतरी पणाला लागलंय हे लक्षात येणं, काय करावं ते ठरवणं, ठरवलेल्या गोष्टीला बढती, दोस्ती, भीती यांच्यापेक्षा वरचं स्थान देणं आणि शेवटी ते निभावून नेणं. आपला जवळजवळ सगळा अभ्यासक्रम दुसऱ्या भागावर खर्च होतो, आणि माझ्या अनुभवात मुलं सगळ्यात कमी अडखळतात तीही तिथेच. पहिल्या आणि चौथ्या भागाला तास द्या.

हे मुलांनाही पटावं म्हणून पहिल्याच तासाला मी डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय बायबलमधली परोपकारी शोमरोनी माणसाची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्याची. वाटेत एका दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना "तुला उशीर झालाय, पळ" असं सांगितलं होतं, त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. मुलं यावर खूप हसतात, मग थोडी गप्प होतात. मला या प्रयोगातून एक कामाचा नियम मिळाला. वर्गातल्या प्रत्येक केसमध्ये घड्याळ हवं. ज्या प्रसंगात विचार करायला भरपूर वेळ आहे, तो प्रसंग मुलांना नोकरीत भेटणार नाही.

केस कोणती घ्यायची

मोठ्या दुर्घटना टाळा असं मी म्हणणार नाही, पण त्या उलट्या क्रमाने सांगू नका. आधी मृतांचा आकडा, मग चूक, मग दोषी, असं सांगितलं की मुलं प्रेक्षक होतात. त्या लोकांनी काय केलं ते सगळ्यांना दिसतं आणि आपण तसलं काही केलं नसतं याची खात्री पटते. म्हणून दुर्घटनेच्या बऱ्याच आधीच्या एखाद्या साध्या कामाच्या दिवशी गोष्ट सुरू करा.

माझी सगळ्यात आवडती केस अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलची. मी हॉटेलचं नावही सांगत नाही. फळ्यावर फक्त एक सांधा काढते. प्रशस्त दालनात छतापासून टांगलेले दोन पादचारी पूल, एक चौथ्या मजल्याच्या उंचीवर आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळई निघते, वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जाते आणि खालच्या पुलापर्यंत पोचते. प्रत्येक पूल आपापल्या नटवर टेकलेला. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना हे अडचणीचं वाटलं, कारण एवढ्या लांब सळईवर आटे पाडायचे आणि नट मधल्या उंचीपर्यंत फिरवत न्यायचा. त्यांनी दोन सळया सुचवल्या. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला जवळजवळ तेच.

इथे थांबून विचारायचं: आता वरच्या तुळईखालच्या नटवर किती भार? इंजिनिअरिंगच्या वर्गातसुद्धा पटकन उत्तर येत नाही. मग दोन मुलांना पुढे बोलवा आणि हाताने दाखवा. दोघं एकाच दोराला वेगवेगळ्या जागी लोंबकळत असतील तर प्रत्येकाच्या हातावर फक्त स्वतःचं वजन. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या हातावर दोघांचं. दोर तोच, माणसं तीच, पण त्या एका पकडीवर दुप्पट भार. वर्गातून "अरे!" असा आवाज येतो. तो आला की मगच सांगायचं: १७ जुलै १९८१, पूल कोसळले, ११४ माणसं गेली. चौकशीत असंही निघालं की मूळचा एका सळईचा सांधाही बांधकाम नियमांनी मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता. बदललेल्या आराखड्यावर इंजिनिअरचा शिक्का होता. त्या सांध्याचं गणित मात्र कोणीच केलेलं नव्हतं. पुढे जबाबदार इंजिनिअरांचे मिसुरी राज्यातले परवाने रद्द झाले.

ही केस मला आवडते कारण हिच्यात खलनायक नाही. कोणी पैसे खाल्ले नाहीत. "त्याने पाहिलं असेल" असं प्रत्येकाला वाटलं, एवढंच. आणि हे "पाहिलं असेल" प्रत्येक व्यवसायात आहे. नर्सिंगच्या वर्गात मी तिच्या जागी थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राची केस घेते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना त्या यंत्रातून प्रचंड जादा मात्रा मिळाली, त्यांतले काही दगावले. आधीच्या यंत्रांत धोका अडवणारी यांत्रिक कुलपं होती. या यंत्रात ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलं होतं आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. पडद्यावर "मालफंक्शन ५४" असं काहीतरी उमटायचं, त्याचा अर्थ कुठे नीट लिहिलेला नाही. असले संदेश रोजचेच, म्हणून एक कळ दाबून पुढे जायची सवय चालवणाऱ्यांना लागलेली. इथे दोष कोणाचा यावर चर्चा घेऊ नका. ती सॉफ्टवेअरवाल्यांना शिव्या घालून संपते. त्याऐवजी विचारा: तुमच्या वॉर्डमध्ये कोणता अलार्म तुम्ही न बघता बंद करता? हात हळूहळू वर येतात. लक्षात येणं हा जो पहिला भाग, तो शिकवण्याची याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

अकाउंट्सच्या मुलांसाठी वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीतला हिशेबांचा घोटाळा घ्या, पण वरच्या साहेबांची गोष्ट सांगू नका. बेटी विन्सन या मधल्या फळीतल्या अकाउंटंटची सांगा. २००० साली वरून सूचना आली की राखीव रकमांतून कोट्यवधी डॉलर काढून खर्च कमी दिसेल अशा नोंदी करा. ते चूक आहे हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. राजीनाम्याचा विचारही तिने केला. हे एकदाच, असं समजावलं गेलं. मग पुढची तिमाही आली. २००५ मध्ये तिला पाच महिने तुरुंग आणि पाच महिने घरी नजरकैद झाली. मुलांना विचारायचा प्रश्न हा की पहिल्या नोंदीच्या दिवशी तिच्याकडे कोणकोणत्या वाटा होत्या, आणि तिसऱ्या तिमाहीत त्यांतल्या किती उरल्या? दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहायला लावा. दुसरी यादी किती लहान होते ते त्यांचं त्यांनाच दिसू द्या.

चॅलेंजर यानाची केस सगळे घेतात आणि बहुतेक वेळा वाया घालवतात, कारण शेवट सगळ्यांना माहीत असतो. ती घ्यायचीच असेल तर वेश बदलून घ्या. व्यवस्थापनाच्या वर्गांत ती मोटार शर्यतीच्या रूपात वापरली जाते: इंजिनात वारंवार बिघाड, थंड सकाळ, पुरस्कर्ते बघतायत, गाडी उतरवायची की नाही? आकडेवारी देताना आधी फक्त बिघाड झालेल्या शर्यतींची द्या. त्यात तापमानाशी काही नातं दिसत नाही. बिघाड न झालेल्या शर्यतींची आकडेवारी हवी असेल तर मागावी लागेल, आणि फारच थोडे गट मागतात. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशीच्या बैठकीतही तेच झालं होतं. प्रश्न होता थंडीत रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी टिकतील का. ज्यांत या कड्यांचं नुकसान झालं ती उड्डाणं चर्चेत होती. नुकसान न झालेली सगळी उबदार दिवसांतली होती, हे एका आलेखावर कोणी मांडलं नाही. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतल्या रॉजर बॉइसजोली आणि आर्नी थॉम्पसन या इंजिनिअरांनी उड्डाणाला जीव तोडून विरोध केला. मग कंपनीच्या वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या उपाध्यक्षाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजमेंटची घाल. दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीर गेले. या केसमधून मुलांनी धैर्य शिकावं असा आग्रह मी धरत नाही, धैर्य तिथे होतं. आपलं म्हणणं ऐकणाऱ्याला दिसेल असं मांडणं हाही नीतीचाच भाग आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आपली केस आपण लिहावी

पुस्तकातल्या केस उचलून चालतात, पण चार-पाच तरी स्वतः लिहा. अर्ध्या पानाची, त्याहून मोठी नको. साहेब सज्जन हवा. दुष्ट साहेबाला "नाही" म्हणणं कागदावर फार सोपं असतं. अडचण येते ती ज्याने आपल्याला काम शिकवलं, आजारपणात सांभाळून घेतलं त्याला नाही म्हणताना. कारण पटण्यासारखं हवं. नुकसान होईलच असं नको, कदाचित होईल असं हवं. आणि एखादी महत्त्वाची माहिती मुद्दाम गाळा, म्हणजे ती विचारायचं कोणाला सुचतं ते कळेल. माझ्या वहीतली एक देते, हवी तर जशीच्या तशी वापरा:

"तुम्हाला तपासणी विभागात लागून पाच महिने झालेत. नियमाप्रमाणे प्रत्येक बॅचमधले सहा नमुने ताणून पाहायचे असतात. आज चार झाले, चारही उत्तम, आणि यंत्र बंद पडलं. तंत्रज्ञ उद्या येणार. माल आज संध्याकाळी गेला नाही तर ग्राहकाचं काम थांबेल. विभागप्रमुख म्हणतात, या साच्यातला एकही नमुना दोन वर्षांत नापास झालेला नाही, उरलेल्या दोघांत सरासरी भर आणि सही कर, मी आहे ना. ते खरोखरच नेहमी तुमच्या पाठीशी उभे राहिलेत. सव्वापाच वाजलेत, सहाला गाडी निघते."

यात काय गाळलंय? तो माल कशात बसणार आहे ते. पंख्याच्या जाळीत की उचलयंत्राच्या आकड्यात? जो गट हे विचारतो त्याला मी उत्तर देते. जो विचारत नाही त्याला देत नाही, आणि शेवटी दोन्ही गटांना समोरासमोर बोलायला लावते. ही केस माझ्या जुन्या खात्यातल्या एका संध्याकाळवरून बेतली आहे, फक्त आमचे साहेब इतके गोड नव्हते.

वाक्य लिहून घ्या, मग बोलून घ्या

अख्ख्या सत्रात एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. मेरी जेंटाइल या अमेरिकन प्राध्यापिकेने व्यवसाय शिक्षणात एक साधा बदल सुचवला. काय योग्य ते ठरलंय असं धरून चाला आणि विचारा, आता हे घडवून कसं आणाल, कोणाला काय म्हणाल? हा प्रश्न टाकला की वर्गाची हवाच बदलते, कारण आता चांगुलपणा दाखवून भागत नाही, काम करावं लागतं.

केस वाचून झाली की प्रत्येकाने कागदावर फक्त ती दोन-तीन वाक्यं लिहायची जी तो साहेबासमोर उभं राहून बोलेल. "मी त्यांना समजावेन" चालणार नाही, ते वाक्य नव्हे. पहिल्या फेरीत बहुतेक जण लिहितात, "सर, हे अनैतिक आहे, मी असं करू शकत नाही." हे मोठ्याने वाचून घ्या आणि साहेब झालेल्या मुलाला विचारा, तुला कसं वाटलं? "मला चोर म्हणाला असं वाटलं." बरोबर. आणि चोर म्हटल्यावर माणूस आपलं म्हणणं बदलत नाही, तुमच्याबद्दलचं मत बदलतो.

मग दुसरी फेरी. आता वाक्यात तीन गोष्टी हव्यात: मी नेमकं काय करू शकत नाही, का, आणि त्याऐवजी काय करू शकतो. माझ्या वर्गात यातून निघालेलं एक चांगलं वाक्य असं होतं: "सर, दोन नमुने मी पाहिलेलेच नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढे आकडा टाकता येणार नाही. चारचा अहवाल लगेच करते, दोन बाकी आहेत असं स्पष्ट लिहून. ग्राहकाला फोन करून विचारू या का, की चारवर माल घेतील की उद्यापर्यंत थांबतील?" यात नीती हा शब्दही नाही. निर्णय ज्याचा जीव किंवा पैसा अडकलाय त्याच्याकडे गेला आणि साहेबांनाही बाहेर पडायला दार मिळालं.

आता साहेबाची भूमिका. ती वर्गातल्या सगळ्यात हजरजबाबी मुलाला द्या आणि त्याच्या हातात चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर ठरलेली उत्तरं: सगळीकडे असंच चालतं, दोन आकड्यांनी काय आभाळ कोसळणार आहे, जबाबदारी माझी, तू फक्त सही कर, आणि शेवटचं हुकमी, माझ्यासाठी एवढं नाही करणार? नोकरीत भेटणाऱ्या बहुतेक सबबी या चारांत बसतात. मुलांनी चारही उत्तरं समोरून ऐकावीत, त्यावर अडखळावं, गप्प व्हावं, परत बोलावं. हे अडखळणं वर्गात होऊन जाऊ द्या. मध्ये पडू नका. शांतता लांबली की शिक्षकाला बोलावंसं वाटतं. जीभ दाताखाली धरा.

तिसरी फेरी लेखी. बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी पाठवायचा मेल, पाच ओळींचा, आरोप न करणारा: आज अमुक ठरलं, अमुक बाकी आहे, माझ्या समजुतीत चूक असेल तर कळवावं. असा मेल कसा लिहायचा हे आपण कुठल्याच विषयात शिकवत नाही. नोकरीत तो फार उपयोगी पडतो.

सिद्धांत कधी

उशिरा, आणि गरज निर्माण झाल्यावर. पहिल्या आठवड्यात कांट आणि मिल हे नीतीचे तत्त्वज्ञ आणले तर मुलं व्याख्या पाठ करतात आणि परीक्षेत ओकतात. तीन-चार केस होऊन वर्गात खरोखरची फूट पडली की आणा. याने एकूण कोणाचं किती भलं-बुरं होईल, हे सगळ्यांनीच केलं तर चालेल का आणि यात कोणाला नुसतं साधन म्हणून वापरलं जातंय का, असं वागत राहिल्याने मी कशा प्रकारची व्यावसायिक होत जाईन: एवढे प्रश्न हातात दिले तरी पदवीच्या वर्गाला पुरतं. वैद्यकीय शाखांत बोशँप आणि चिल्ड्रेस या अमेरिकन नीतितज्ज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेली चार तत्त्वं घ्या. रुग्णाची स्वायत्तता, त्याचं हित, त्याला अपाय न करणं आणि न्याय. यादी म्हणून शिकवू नका, यांतली कोणती दोन आज एकमेकांवर आदळली ते विचारा.

खऱ्या पेचासाठी तारासॉफ खटल्याइतकी चांगली केस नाही. कॅलिफोर्नियात एका मानसोपचार घेणाऱ्या तरुणाने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की तो एका मुलीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी तरुणाला थोडा वेळ ताब्यात घेतलं आणि तो ताळ्यावर दिसतो म्हणून सोडलं. मुलीला कोणी काही सांगितलं नाही. १९६९ मध्ये त्याने तिला मारलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटलं की धोक्याची सूचना देणं हे कर्तव्य होतं. १९७६ मध्ये पुन्हा सुनावणी झाल्यावर शब्द बदलले: वाजवी काळजी घेऊन तिचं रक्षण करणं हे कर्तव्य. वर्गाचे दोन भाग करा, एकाला १९७४ चा निर्णय द्या, दुसऱ्याला १९७६ चा, आणि दोघांना विचारा, उद्या सकाळी तुमच्यासमोर असा रुग्ण बसला तर तुम्ही काय कराल? गुप्तता पाळावी की नाही, हा भोंगळ वाद तिथेच थांबतो.

आचारसंहिता मात्र लवकर आणा, पण वाचून दाखवू नका. प्रत्येकाने आपल्या व्यवसायाची संहिता शोधून आणायची आणि तिच्यातली एकमेकांशी भांडणारी दोन कलमं शोधायची. अमेरिकेतल्या व्यावसायिक इंजिनिअरांच्या संहितेत जनतेची सुरक्षितता, आरोग्य आणि हित सर्वोच्च मानावं असं पहिलं कलम आहे, आणि मालकाचा किंवा ग्राहकाचा विश्वासू प्रतिनिधी म्हणून वागावं असंही त्याच यादीत आहे. दोन्ही एका दमात पाळता येत नाहीत असा दिवस कल्पून एक परिच्छेद लिहायला सांगा. गृहपाठ म्हणून हा उत्तम, कारण कुठून उतरवून काढता येत नाही.

"ज्याचं त्याचं मत"

हे वाक्य प्रत्येक वर्गात येतं. त्यावर वाद घालू नका, त्या मुलाच्या गुणांची गोष्ट काढा: समजा मी तुझा पेपर न वाचता नापास केला आणि म्हटलं की माझं मत. तो चिडतो. का चिडलास ते सांग, म्हटलं की कारणं द्यायला लागतो. कारणं दिली की मतामतांत फरक करता येतो हे त्यानेच सिद्ध केलं. दोन मिनिटांचं काम.

तुमचं स्वतःचं मत विचारलं तर? मी केस संपल्यावर सांगते, आधी नाही. आणि "मलाही नक्की सांगता येत नाही" हे जिथे खरं आहे तिथे तसंच सांगते. पण जिथे उत्तर स्पष्ट आहे तिथे उगाच दोन्ही बाजू समान असल्याचा आव आणू नका. न पाहिलेल्या चाचणीवर सही करण्याला दुसरी बाजू नसते.

मुलं इंटर्नशिपचे अनुभव सांगू लागली की नियम आधीच घाला: कंपनीचं, माणसाचं, रुग्णाचं नाव वर्गात घ्यायचं नाही. आणि एखाद्याने आज, आत्ता कोणाच्या जिवाला धोका आहे असं काही सांगितलं, तर ते वर्गचर्चेचं साहित्य राहत नाही. तेव्हा तुम्ही कोणाकडे जाल हे सत्र सुरू होण्याआधी विभागप्रमुखांशी बोलून ठेवा.

उघड करणाऱ्यांच्या गोष्टी

बाहेर जाऊन वाचा फोडणाऱ्यांच्या कथा मुलांना फार आवडतात. मी त्या जपून सांगते. चॅलेंजरच्या केसमधल्या बॉइसजोली यांनी चौकशी आयोगापुढे खरं सांगितलं आणि त्याची किंमत मोजली. सहकाऱ्यांनी वाळीत टाकलं, तब्येत ढासळली, ती नोकरी सुटली. नंतर सन्मानही मिळाले, पण आधीचा भाग गाळून फक्त सन्मान सांगणं ही मुलांची फसवणूक आहे. हेही सांगा की बाहेर जाण्याआधी आत बऱ्याच पायऱ्या असतात. तारखेनिशी नोंदी ठेवणं, विश्वासातल्या एका जाणत्या सहकाऱ्याला विचारणं, वरच्याच्या वरच्याला लेखी कळवणं, अंतर्गत तक्रार यंत्रणा, व्यावसायिक संघटना, वकील. या पायऱ्या माहीत नसलेल्या माणसाला गप्प बसणं आणि सगळं उधळून देणं एवढेच दोन मार्ग दिसतात.

न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प इमारतीची गोष्टही अशीच चकचकीत करून सांगितली जाते. विल्यम लेमेझुरिये या तिच्या संरचना इंजिनिअरला १९७८ मध्ये, ५९ मजल्यांची इमारत उभी राहिल्यावर, कळलं की तिरक्या वाऱ्यात तिचे बोल्टने जोडलेले सांधे कमी पडू शकतात. त्याने स्वतः पुढे होऊन सांगितलं आणि रात्री-रात्री वेल्डिंग करून सांधे भक्कम करण्यात आले. नायक! मग वर्गाला विचारा, आसपास राहणाऱ्यांना हे कधी कळलं? १९९५ मध्ये, एका साप्ताहिकातल्या लेखातून. इथे वर्ग खरोखर दुभंगतो, आणि लोक घाबरून पळाले असते हा युक्तिवाद कोणीतरी करतोच. करू द्या. त्याला फक्त विचारा, हा निर्णय त्या लोकांच्या वतीने कोणी घ्यायचा?

गुण कसे द्यायचे

निष्कर्षाला गुण देऊ नका. दिले की मुलं तुम्हाला आवडेल ते लिहितात, आणि संतवाणीने भरलेल्या उत्तरपत्रिका तपासण्यासारखी शिक्षा नाही. मी चार गोष्टींना गुण देते. कोणाकोणावर परिणाम होतो ते लक्षात आलं का, त्यातही जो खोलीत हजर नाही त्याच्यावर. कोणती माहिती हवी होती ते विचारलं का. समोरच्याची बाजू त्यालाही मान्य होईल इतकी चांगली मांडली का. आणि शेवटचं वाक्य, जे प्रत्यक्ष बोलायचं ते, बोलता येण्यासारखं आहे का. तिसऱ्या मुद्द्याला मी सगळ्यात जास्त गुण ठेवते, त्यामुळे साहेबांना राक्षस बनवणारी उत्तरं आपोआप कमी होतात. "जीवनात नीतीचे महत्त्व" छापाचा निबंध परीक्षेत विचारू नका. विद्यापीठाच्या आराखड्यात तो सक्तीचा असेल तर कमीत कमी गुणांचा ठेवा.

परीक्षेतली केस वर्गात न झालेली हवी, एका पानात मावणारी, आणि वेळ थोडा कमीच पडेल अशी. तक्रारी येतात. डार्ली आणि बॅटसनची आठवण करून द्यायची.

वर्ग मोठा असेल, साठ-सत्तरचा, तर संवाद पुढे उभं राहून करण्यात वेळ घालवू नका. शेजारी बसलेल्यांच्या जोड्या करा, एक साहेब, एक नवखा, तीन मिनिटं. शिट्टी वाजली की भूमिका बदला, पुन्हा तीन मिनिटं. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गातून कोणीतरी बघायला येतं, येऊ द्या. मग फक्त चार जोड्यांना उभं करून त्यांची वाक्यं ऐका आणि फळ्यावर उतरवा. सगळ्यांचे कागद गोळा करून घरी न्या. वाचायला दर कागदाला अर्धं मिनिट लागतं. पुढच्या तासाला त्यांतली दोन वाक्यं, नावं न घेता, फळ्यावर लिहून सुरुवात करा: एक जे साहेबांनी ऐकलं असतं, आणि एक जे ऐकलं नसतं. कोणतं कोणतं ते वर्गाने सांगायचं.